पोलोची आई

म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. ही गोष्ट आम्हांला कळली ती थेट फाटकापाशी जाऊन उभं राहिल्यावर. २००० सालची दिवाळीची सुट्टी होती. ताई, भाऊजी, माझा सात वर्षांचा भाचा ओंकार आणि मी, असे चौघं पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने बंगलोरला आणि तिथून एस. टी. सारख्याच एका खडखडत्या बसने म्हैसूरला गेलो होतो. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन बाग हे सगळं मोठ्यांसाठी. ओंकारला एकच गोष्ट बघायची होती. गोरिला!

का, तर त्याच्या वर्गातला एक मुलगा तो बघून आला होता आणि मधल्या सुट्टीत बाकावर उभा राहून छाती बडवून दाखवत होता. संपूर्ण भारतात त्या वेळी गोरिला पाहायला मिळायचा तो म्हैसूरला. त्याचं नाव पोलो. १९९५ साली तो आयर्लंडमधल्या डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातून इथे आला होता.

मंगळवारचा अख्खा दिवस ओंकारने तोंड फुगवून काढला. राजवाड्यात सोन्याची अंबारी दाखवली तरी स्वारी खूश नाही. बुधवारी सकाळी फाटक उघडायच्या आधीच आम्ही तिकिटाच्या रांगेत!

पोलो आमच्याकडे पाठ करून बसला होता. केवढी ती पाठ! आमच्या घरातलं शिसवी कपाट आठवलं मला. पाठीवरचे केस काळे नव्हते, राखाडी, चंदेरी दिसत होते. गोरिलाचा नर वयात आला की त्याची पाठ अशी रुपेरी होते. समोर पन्नासएक माणसं जमलेली. कोणी शिट्ट्या मारतंय, कोणी ‘ए पोलो, पोलोऽऽ’ म्हणून हाका मारतंय. आणि खोटं कशाला सांगू, त्या सगळ्यांत पुढे मीच होतो. ओंकारला हसवायचं म्हणून मी दोन्ही मुठींनी छाती बडवली, गाल फुगवले, चित्रविचित्र आवाज काढले. लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. मला आणखीच चेव आला.

पोलोने गवताची एक काडी उपटली. ती डोळ्यांजवळ नेऊन नीट निरखली. आपण सुईत दोरा ओवताना बघतो ना, तशी. मग ती सोलून खाल्ली. पुन्हा दुसरी काडी. एकदाच त्याने मान वळवून खांद्यावरून आमच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ओंकार हसला नाही. माझा शर्ट ओढून म्हणाला, “मामा, हा एकटाच आहे?”

“हो, एकटाच दिसतोय.”

“मग ह्याची आई कुठंय?”

मला उत्तर ठाऊक नव्हतं. पण भाच्यापुढे मामाला उत्तर येत नाही म्हणजे काय! मी म्हणालो, “आई आत आहे रे. त्याच्यासाठी स्वयंपाक करतेय.”

“मग हा रुसलाय का?”

“हो ना. खेळायला सोडलं नाही म्हणून.”

त्याचं समाधान झालं. परतीच्या गाडीत त्याने वहीत चित्र काढलं. मोठा काळा पोलो, शेजारी एक घर आणि घराच्या खिडकीत स्वयंपाक करणारी गोरिलाबाई. तिच्या कपाळाला कुंकूसुद्धा होतं! ताईने ते चित्र पुढे किती तरी वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं.

पुढे २०१४ साली पोलो मेल्याची बातमी पेपरात आली. भारतातला एकमेव गोरिला गेला, असं त्यात लिहिलं होतं. त्याच्यासाठी जोडीदारीण मिळवायची म्हणून म्हैसूरच्या लोकांनी किती तरी वर्षं खटपट केली, पण शेवटपर्यंत जमलं नाही. त्या संध्याकाळी ओंकारचा फोन आला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता.

“मामा, पेपर वाचलास? आत कोणी नव्हतंच ना रे?”

“नव्हतं,” मी म्हणालो. आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

त्यानंतर मी गोरिलांबद्दल वाचायला लागलो. खरं तर मला एवढंच बघायचं होतं, की ओंकारच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर काय? प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलाची आई असते तरी कुठे?

मुलांनो, आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. गोरिला म्हणजे माकड नव्हे. शेपूट शोधा म्हणजे झालं! गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांना शेपूट नसते. हे मोठे कपी. आपल्या भारतात आसामकडच्या जंगलात हूलॉक गिबन आहे, त्यालाही शेपूट नाही, पण तो लहान कपी. या मोठ्या कपींची पोरं आपल्यासारखीच फार दिवस आईला चिकटून असतात. ओरांगउटानचं पिल्लू तर सात-आठ वर्षं आईजवळ राहतं. गोरिलाच्या मादीला साधारण साडेआठ महिन्यांनी एक पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला चार-पाच वर्षं जातात. या एवढ्या काळात पिल्लू काय करतं? बघतं. आई काय खाते, झोपायला पानाफांद्यांचं अंथरूण कसं करते, कळपाचा नायक रागावला की कुठे बसायचं, धाकट्या भावंडाला कसं धरायचं, सगळं बघून बघून शिकतं.

आता हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पूर्वी युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत जे गोरिला असत, ते सगळे आफ्रिकेतल्या जंगलातून पकडून आणलेले असत. मोठा गोरिला कोणाला पकडता येणार? म्हणून पिल्लंच पकडायची. पण कळपातलं पिल्लू आई सुखासुखी सोडेल का? आधी आईला गोळी घालायची, आडवा आला तर नरालाही, आणि मग आईच्या अंगाला बिलगलेलं पिल्लू ओढून काढायचं. हे वाचलं आणि मला ती कुंकू लावलेली, खिडकीतली गोरिलाबाई आठवली.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९४७ सालच्या ५ नोव्हेंबरला असंच एक पिल्लू आलं. इंग्लंडमध्ये त्या दिवशी गाय फॉक्सच्या नावाने फटाके उडवतात, म्हणून त्याचं नाव पडलं गाय. (आपल्या गाईशी काही संबंध नाही बरं का!) आला तेव्हा त्याने शेक घ्यायची पत्र्याची छोटी बाटली छातीशी घट्ट धरलेली होती. आईच्या जागी ती बाटली! हा गाय मोठा होऊन प्रचंड धिप्पाड झाला. पण चिमण्या त्याच्या पिंजऱ्यात शिरल्या तर तो त्यांना अलगद तळहातावर घेई, निरखून बघे आणि सोडून देई. तो जवळजवळ पंचवीस वर्षं एकटा राहिला. मग कोणाला तरी सुचलं आणि त्याला लोमी नावाची सोबतीण आणून दिली. पण त्यांना पिल्लू झालं नाही. १९७८ साली गाय गेला.

एकट्या गायची ही कथा. पण जिथे नर-मादी एकत्र होते तिथे तरी पिल्लं होत होती का? नाही! गोरिला पिंजऱ्यात वाढायला लागून किती तरी वर्षं झाली, तरी जगात कुठेही पिंजऱ्यात एकही गोरिला जन्मला नव्हता. लोकांना वाटायला लागलं, की हे होणंच शक्य नाही.

२२ डिसेंबर १९५६. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस नावाचं शहर आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात वॉरन थॉमस नावाचा विद्यार्थी काम करत होता. पशुवैद्यकीचं शिक्षण घेत होता तो. सकाळी तो गोरिलांच्या पिंजऱ्याकडे गेला आणि पाहतो तो काय, जमिनीवर एक ताजं जन्मलेलं पिल्लू पडलेलं! अजून वेष्टनातच होतं. मिली नावाच्या मादीला ते झालेलं, पण ती त्याला हात लावत नव्हती. थॉमसने पिल्लू बाहेर काढलं, वेष्टन फाडलं. पिल्लाचा श्वास चालू नव्हता. तेव्हा त्याने काय करावं? सरळ त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घालायला सुरुवात केली. आणि पिल्लाने श्वास घेतला!

कोलंबस, ओहायो, म्हणून तिचं नाव ठेवलं कोलो. माणसांच्या हातात जन्मलेली जगातली पहिली गोरिला. तिचे फोटो पाहाल तर हसू येईल. अंगात झबलं, डोक्याला टोपडं, दुधाची बाटली! लोकांनी तिला माणसाच्या बाळासारखं वाढवलं. पुढे कोलोला स्वतःला तीन पिल्लं झाली. पण त्यांतलं एकही तिने वाढवलं नाही. ती पिल्लंही माणसांनीच वाढवली.

हे वाचून मला आधी मिलीचा राग आला होता. असली कसली आई? पोटच्या पिल्लाला जमिनीवर टाकून बाजूला बसली! पण मग विचार केला, की मिलीने दुसऱ्या गोरिलाला बाळ सांभाळताना पाहिलं तरी कधी? ती जंगलातून आली तेव्हा स्वतःच पिल्लू होती. तिची आई तिच्या डोळ्यांसमोर गेलेली. त्यानंतर तिने पाहिली ती माणसं, सिमेंट आणि लोखंडी गज. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, की बाळंतपणाला मुलगी माहेरी येते ती काय नुसती डिंकाचे लाडू खायला? बाळाला कसं धरायचं, पाजायचं कसं, ढेकर कसा काढायचा, हे तिला आईच्या हाताखाली शिकायचं असतं. मिलीला माहेर कुठलं?

याचा पुरावा लौकरच मिळाला, आणि तो स्वित्झर्लंडमध्ये. बाझल शहरातल्या प्राणिसंग्रहालयात अचिला नावाची मादी होती. २३ सप्टेंबर १९५९ ला तिला गोमा ही मुलगी झाली. युरोपात जन्मलेली ही पहिली गोरिला. अचिलाने गोमाला टाकलं नाही, जवळ घेतलं. पण पाजायचं कसं ते तिला कळेना. पिल्लू उपाशी राहणार असं दिसलं, तेव्हा तिथले संचालक अर्न्स्ट लांग यांनी गोमाला घरी नेलं आणि ते नि त्यांची पत्नी दोघांनी तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं.

दीड वर्षाने, १७ एप्रिल १९६१ ला, अचिलाला दुसरं पिल्लू झालं. या वेळी मुलगा. आणि या वेळी तिला जमलं! तिने त्याला छातीशी धरलं, पाजलं, आणि कोणाच्याही मदतीशिवाय मोठं केलं. जांबो त्याचं नाव. प्राणिसंग्रहालयात जन्मून आपल्याच आईच्या हातून वाढलेला जगातला पहिला गोरिला. पहिल्या खेपेला पोळी करपली म्हणून काय दुसरी लाटू द्यायची नाही? लांगसाहेबांनी ती लाटू दिली, हे मला फार आवडलं.

जांबो मोठा झाल्यावर, १९७२ साली, त्याला जर्सी बेटावर पाठवलं. जेरल्ड डरेल या प्राण्यांवेड्या लेखकाने तिथे स्वतःचं प्राणिसंग्रहालय काढलेलं होतं. तिथे जांबोचा चांगला कळप झाला, बायकापोरं झाली. आणि मग आला ३१ ऑगस्ट १९८६ चा दिवस.

एक पाच वर्षांचा मुलगा कठड्यावरून थेट गोरिलांच्या आवारात पडला. डोक्याला जबर मार, हात मोडलेला, बेशुद्ध. वर त्याचे आईवडील आणि जमलेले लोक किंचाळताहेत. खाली गोरिला जवळ यायला लागले. सगळ्यांत पुढे जांबो, रुपेरी पाठीचा! आता काय होणार? जांबो मुलाजवळ आला. तो मुलगा आणि बाकीचे गोरिला यांच्या मधोमध उभा राहिला. कोणाला पुढे येऊ देईना. मग खाली वाकून त्याने मुलाच्या पाठीवर बोटं फिरवली. थोड्या वेळाने मुलगा शुद्धीवर येऊन रडायला लागला, तसा जांबो मागे सरला आणि आपल्या कळपाला घेऊन आतल्या घरात निघून गेला. मग माणसांनी खाली उतरून मुलाला वर काढलं. मुलगा वाचला. एका प्रेक्षकाने हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं होतं, ते जगभर दाखवलं गेलं. तोपर्यंत सिनेमातला गोरिला म्हणजे इमारती पाडणारा राक्षस, एवढंच लोकांना ठाऊक होतं. जांबो १९९२ साली गेला. जर्सीला त्याचा पुतळा आहे.

अगदी असाच प्रसंग दहा वर्षांनी अमेरिकेत, शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात घडला. १६ ऑगस्ट १९९६. या वेळी पडलेला मुलगा तीन वर्षांचा. त्याला उचललं ते बिंती जुआ नावाच्या मादीने. स्वाहिली भाषेत बिंती जुआ म्हणजे सूर्याची मुलगी. तिचं स्वतःचं पिल्लू, कूला, पाठीवर होतंच. तिने त्या मुलाला कुशीत घेतलं आणि रखवालदार ज्या दारातून येतात त्या दारापाशी नेऊन अलगद ठेवलं.

मला त्याहून मोठी वाटते ती त्याच्या आधीची गोष्ट. बिंतीला माणसांनी वाढवलं होतं. म्हणजे मिलीसारखीच तिच्याही बाबतीत पंचाईत होणार होती. पण एव्हाना माणसं शहाणी झाली होती. बिंतीला दिवस गेले तेव्हा तिथल्या रखवालदारांनी तिची चक्क शिकवणी घेतली. कापडी बाळ दिलं. ते असं धर, असं छातीशी घे, आणि आम्ही हाक मारली की आम्हांला दाखवायला दारापाशी आण. गोरिलाबाईचा भातुकलीचा खेळच म्हणा ना! काही जाणकार म्हणतात, की त्या दिवशी बिंतीने दया वगैरे काही दाखवली नाही, शिकवलेला धडा तेवढा गिरवला. असेलही. मला तर त्याने काही फरक पडत नाही. शिकवलेला धडा ऐन वेळी आठवणं ही काय लहान गोष्ट आहे? आपल्याला परीक्षेत कुठे आठवतो!

आणि हो, कोलोचंही राहिलंच. स्वतःची पिल्लं न वाढवलेल्या त्या कोलोने म्हातारपणी आपल्या एका नातवाला आईसारखं सांभाळलं. कोलंबसच्या लोकांनी ठरवलं होतं, की आईने टाकलेलं पिल्लू माणसांनी वाढवायच्या ऐवजी एखाद्या दुसऱ्या गोरिलाच्या मांडीवर द्यायचं. कोलोने ते घेतलं. ती २०१७ च्या जानेवारीत, वयाच्या साठाव्या वर्षी गेली.

माणसांनी वाढवलेल्या सगळ्याच गोरिलांचं असं गोड झालं नाही. बोकितो नावाचा एक नर बर्लिनमध्ये जन्मला आणि माणसांच्या हातावर वाढला. पुढे तो हॉलंडमध्ये रॉटरडॅमला गेला. तिथे एक बाई त्याला बघायला वारंवार येत. काचेपाशी उभ्या राहून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हसत. तो आपल्याकडे बघून हसतो, असं त्यांना वाटे. पण गोरिलांच्या भाषेत डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे ‘ये, बघतो तुला!’ २००७ च्या मे महिन्यात बोकितो खंदक ओलांडून बाहेर आला आणि नेमका त्याच बाईंवर धावून गेला. त्या वाचल्या, पण फार जखमी झाल्या. मग एका विमा कंपनीने गंमतच केली. पुठ्ठ्याचे चष्मे वाटले, त्यांवर डोळे छापलेले, भलतीकडे बघणारे! ते लावले की तुम्ही गोरिलाकडे बघा खुशाल, त्याला वाटणार तुमचं लक्ष दुसरीकडेच आहे.

हे वाचलं तेव्हा मला पोलोची ती नजर आठवली. खांद्यावरून एकदा बघून लगेच काढून घेतलेली. तो घाबरला नव्हता की रुसला नव्हता. पन्नास माणसं डोळे वटारून, दात दाखवून त्याच्यापुढे उभी होती आणि तो सभ्यपणे नजर चुकवत होता. आणि छाती बडवून त्याला आव्हान देणारा पहिलवान मी!

आता जंगलातून कपी पकडून आणायला बंदी आहे. जंगली प्राण्यांच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू झाला. चोरटा व्यापार थांबला असं मात्र नाही. २००२ साली मलेशियातल्या ताइपिंगच्या प्राणिसंग्रहालयात गोरिलाची चार पिल्लं नायजेरियामार्गे पोचली. कागदपत्रं खोटी निघाली. आफ्रिकेत त्यांच्या घराजवळ, कॅमेरूनमध्ये, परत पोचायला त्यांना २००७ साल उजाडलं.

प्राणिसंग्रहालयात नवे गोरिला येतात ते आता प्राणिसंग्रहालयांतच जन्मलेले. त्यासाठी वंशावळीची एक मोठी वहीच ठेवलेली असते. कोण कुठे जन्मला, आई कोण, बाप कोण, आजी कोण, सगळं त्यात. आपल्याकडे लग्न जमवताना सगोत्र नको म्हणून बघतात ना, तसं नात्यातल्या नर-मादींची जोडी होऊ नये म्हणून ही वही. कोणी कुठे जायचं ते ठरवणारी मंडळी वेगळी असतात. आणि पिल्लं फार झाली तर ठेवणार कुठे? म्हणून माद्यांना माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळते तीच पाळणा लांबवायची गोळी फळातून देतात! मला वाचून हसू आलं, पण विचार करा, चाळीस-पन्नास वर्षं जगणारा प्राणी, त्याला आयुष्यभर जागा, कळप आणि माणसं द्यायची तर मोजूनमापूनच सगळं केलं पाहिजे.

यातच पोलोच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गोरिला जोडीने राहत नाहीत, कळपात राहतात. एक नर, तीन-चार माद्या, त्यांची पोरं. एकट्या नराकडे एकटी मादी पाठवायची म्हणजे तीही कळपातून तुटणार, आणि पिल्लू झालं तर त्याला वाढवायचं कसं हे दाखवायला शेजारी कोणी नसणार. पुन्हा मिलीचीच गोष्ट. कळपातल्या मादीला असं एकटीने पाठवायला कोण तयार होईल?

हे सगळं वाचत असताना २०१९ साली आणखी एक बातमी आली आणि मला चपराक बसली. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये बिन्नी नावाची ओरांगउटान मादी गेली. वय ४१. भारतातली एकमेव ओरांगउटान. तीही एकटी. आणि ती नंदनकाननला २००३ च्या नोव्हेंबरात आली होती ती कुठून माहीत आहे? पुण्याहून! आमच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातून. म्हणजे मी भाच्याला घेऊन म्हैसूरपर्यंत आगगाडीने गोरिला बघायला गेलो, आणि माझ्याच गावात एक ओरांगउटान आहे हे मला तिच्या मरणाच्या बातमीत कळलं. सिटी बसने जाण्याइतकं अंतर. कात्रजला मी गेलो नव्हतो असंही नाही. साप बघून परत आलो होतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये म्हैसूरला पुन्हा गोरिला आले. जर्मनीहून थाबो आणि डेंबा. दोघेही नर. ओंकार आता बंगलोरला नोकरी करतो. त्याची मुलगी मीरा चार वर्षांची आहे. २०२३ च्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही म्हैसूरला गेलो. मंगळवार टाळून!

दोघं दिसले. एक झाडाखाली बसून फांदीची साल काढत होता. दुसरा आला, फांदीचं टोक पकडलं आणि पळाला. पहिला त्याच्या मागे. लोक ओरडत होते, शिट्ट्या होत्याच. मी हात खिशात घालून उभा होतो आणि मुद्दाम जरा बाजूला बघत होतो.

मीराने ओंकारचा शर्ट ओढला. “बाबा, ह्यांची आई कुठंय?”

ओंकारने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “सांगू का मी?” त्याने मान हलवली.

“हे जर्मनीहून आलेत, मीरा. तिकडे एका कळपात जन्मले. आई ह्यांच्याबरोबर आली नाही. गोरिलांचे मुलगे मोठे झाले ना, की त्यांना कळपातून बाहेर पडावं लागतं. एका कळपात एकच मोठा नर लागतो. मग असे उरलेले मुलगे एकत्र राहतात.”

“होस्टेलसारखं?”

“हो. तसंच.”

“मग आईची आठवण येते का त्यांना?”

याचं उत्तर मला नव्हतंच. मी तिला तसं सांगितलं. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “पण दोघं आहेत.” आणि मग तिला आइस्क्रीम हवं झालं.

परत येताना गाडीत मी ओंकारला म्हणालो, “तुला तेव्हा खोटं सांगितलं रे मी.”

तो गाडी चालवत होता. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “मला त्या रात्री छान झोप लागली होती, मामा. खरं सांगितलं असतंस तर लागली नसती.”

मागच्या सीटवर मीरा अजून जागी होती. खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून त्यावर बोटाने काही तरी काढत होती. एक मोठा गोल, त्याच्या शेजारी दुसरा मोठा गोल. मी विचारलं, “आणि घर कुठंय?” ती म्हणाली, “घर पुसलं गेलं.”